दुधातली साखर: लॅक्टोजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मला दूध चालत नाही," असे कोणी म्हणाले की मी एकच विचारते: किती चालत नाही? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण कोणी मोजून पाहिलेलेच नसते. एकदा पोट बिघडले, दुधावर फुली मारली आणि विषय संपला. लॅक्टोजच्या बाबतीत "किती" हा प्रश्न "का" या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे, म्हणून खालच्या उत्तरांत आकडे बरेच येतील.

लॅक्टोज म्हणजे नेमके काय?

दुधाची स्वतःची साखर. ती वरून घातलेली नसते, दुधाबरोबरच तयार होते. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरांचा एकेक रेणू जोडला गेला की लॅक्टोजचा एक रेणू होतो. त्यात १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजनचे अणू असतात. चहात घालतो त्या साखरेतही अणूंची संख्या हीच असते. फरक आहे तो जोडणीचा, आणि त्या जोडणीमुळेच एक साखर जिभेवर ठेवताच गोड लागते, तर दुसरी जेमतेम जाणवते. लॅक्टोजची गोडी साध्या साखरेच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकीच असते.

२५० मिलिलिटरच्या एका पेल्यात जवळपास १२ ग्रॅम लॅक्टोज असते, म्हणजे वजनाने तीन लहान चमचे साखरेइतके. तेवढी साखर पाण्यात विरघळवली तर पाणी चांगले गोड लागते, दूध मात्र सौम्यच लागते.

लॅक्टोज आणि लॅक्टेज एकच का?

नाही. नावात एका मात्रेचा फरक आहे, म्हणून गोंधळ होतो. लॅक्टोज ही साखर. लॅक्टेज हे ती साखर तोडणारे विकर, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो. पुढची सगळी गोष्ट या दोघांची आहे.

कोणत्या दुधात किती लॅक्टोज असते?

गाईच्या दुधात साधारण ४.७ टक्के, म्हशीच्या दुधात त्याच्याच आसपास, शेळीच्या दुधात किंचित कमी. आईच्या दुधात सर्वांत जास्त, सुमारे ७ टक्के.

शेळीचे दूध "हलके" म्हणून लॅक्टोज न पचणाऱ्यांना सुचवले जाते. दोन्हींत जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक आहे, तेवढ्याने पोटाला काही कळत नाही. ए-टू दुधाचेही तसेच. तिथे वेगळे असते ते एक प्रथिन. साखर तीच आणि तेवढीच. सोया, बदाम, ओट यांपासून केलेल्या पेयांत मुळातच लॅक्टोज नसते, कारण ते दूधच नव्हे.

निसर्गाने दुधात हीच साखर का घातली?

मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. स्तनग्रंथीच्या पेशींमध्ये ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जोडून लॅक्टोज तयार होते. या कामात अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचे एक प्रथिन हातभार लावते. लॅक्टोज पेशीतल्या पिशव्यांमध्ये साठू लागले की ते आपल्यामागून पाणी ओढून घेते. दूध पातळ राहते, वाहते, त्याचे प्रमाण वाढते, ते प्रामुख्याने या साखरेच्या जोरावर. उंदरांमध्ये अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनचे जनुक बंद करून पाहिले तेव्हा लॅक्टोज बनलेच नाही. दूध इतके घट्ट झाले की पिल्लांना ते ओढता येईना.

सील आणि सागरी सिंह यांच्या दुधात लॅक्टोज जवळजवळ नसते. त्यांचे दूध चरबीने गच्च भरलेले, दाट असते. थंड पाण्यात वाढणाऱ्या पिल्लाला तेच सोयीचे.

मग मोठ्या माणसांना ते पचत का नाही?

लॅक्टोजचा रेणू अख्खा असताना रक्तात जाऊ शकत नाही. आधी त्याचे दोन तुकडे व्हावे लागतात. हे काम लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर, मखमलीच्या लवेसारख्या उंचवट्यांवर बसलेले लॅक्टेज करते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. अंगावरचे पिणे सुटल्यानंतर काही वर्षांत बहुतेक माणसांमध्ये त्याचे उत्पादन हळूहळू घटते. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये ते कमी झालेले असते. इतर सस्तन प्राण्यांमध्येही हेच घडते. मोठ्या मांजराला बशीभर दूध दिले की तिचे पोट बिघडते ते याच कारणाने.

अपवाद आहेत ते मोठेपणीही लॅक्टेज बनवत राहणारे लोक. लॅक्टेजचे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर असते. त्याच्या अलीकडे, शेजारच्या एमसीएम-६ नावाच्या जनुकात, लॅक्टेजची कळ चालू-बंद करणारा एक भाग आहे. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की त्या भागातल्या डीएनएचे एकच अक्षर बदलले, सीच्या जागी टी आला, की कळ आयुष्यभर चालू राहते. हा बदल उत्तर युरोपात खूप आढळतो. पूर्व आफ्रिकेतल्या गुरे पाळणाऱ्या समाजांमध्ये मात्र दुसरेच बदल सापडले, त्याच भागात, पण वेगळ्या अक्षरांवर. म्हणजे जनावरांचे दूध पिणाऱ्या माणसांमध्ये हीच सोय एकमेकांशी संबंध नसताना वेगवेगळ्या ठिकाणी रुजली.

म्हणजे लॅक्टोज न पचणे हा आजार आहे का?

नाही. वयानुसार होणारा बदल आहे, आणि माणसांत तोच बहुसंख्य आहे.

दूध प्यायल्यावर पोटात होते तरी काय?

न तुटलेले लॅक्टोज लहान आतड्यातून पुढे सरकते आणि जाताना पाणी खेचून घेते. मोठ्या आतड्यात जिवाणूंची वस्ती त्याची वाटच पाहत असते. ते लॅक्टोज आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांमध्ये मिथेन हे वायू तयार होतात, शिवाय आम्लेही. पोट फुगते, गुरगुरते, कळा येतात, वायू सरतो. पाणी जास्त झाले तर जुलाब होतात. हे सगळे साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांत सुरू होते.

त्रास खरा असतो, पण त्यात आतड्याला इजा होत नाही. हे वाक्य मी प्रत्येकाला आवर्जून सांगते, कारण "आतडी खराब झाली असतील" या धास्तीने माणसे दुधाच्या थेंबालाही घाबरू लागतात.

किती दूध चालू शकते?

लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे पेलाभर दूध, फारशा त्रासाविना पचते, विशेषतः ते जेवणाबरोबर घेतले तर. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली हाच आकडा दिला होता. दिवसभरात विभागून घेतले तर याहूनही जास्त चालू शकते. हा आकडा सरसकट सर्वांना लागू नाही. काहींना अर्ध्या पेल्यानेही त्रास होतो. म्हणून स्वतःचा आकडा स्वतः शोधावा.

शोधायचा कसा? दोन आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ बंद ठेवा. त्रास थांबला का ते पाहा. थांबला नाही, तर दोषी लॅक्टोज नसावे, असा अंदाज बांधता येतो. थांबला, तर जेवणाबरोबर पाव पेला दूध घेऊन सुरुवात करा. दोन-तीन दिवस तेवढ्यावरच राहा, मग अर्धा पेला, मग पाऊण. वहीत तीनच गोष्टी लिहा: किती घेतले, किती वाजता, पोटाला काय वाटले. पोट कुरकुरू लागले की एक पायरी मागे या. ती तुमची मर्यादा.

बऱ्याच जणांची ही मर्यादा हळूहळू सरकतेही. लॅक्टेज वाढत नाही, पण रोज थोडे थोडे लॅक्टोज मिळत राहिले की मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते आणि वायू कमी होतो. वर्षानुवर्षे दूध पूर्ण सोडून एखाद्या दिवशी मोठा पेला पिणाऱ्याला सर्वाधिक त्रास का होतो, याचेही हे एक कारण आहे.

दूध चालत नाही, पण दही चालते. असे कसे?

विरजणातले जिवाणू दह्यातले काही लॅक्टोज खाऊन त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. दही आंबट होते ते त्यामुळे. पण दह्यात लॅक्टोज उरतेच, आणि चांगल्या प्रमाणात उरते. खरी मदत वेगळीच असते: त्या जिवाणूंच्या अंगात लॅक्टोज तोडणारे स्वतःचे विकर असते. पोटातल्या आम्लातून जाताना जिवाणूची भिंत त्या विकराला सांभाळून नेते आणि आतड्यात गेल्यावर ते आपले काम करते. शिवाय दही दाट असल्याने पोटातून सावकाश पुढे जाते.

हा फायदा जिवंत जिवाणूंचा आहे. दही लागल्यानंतर तापवून टिकाऊ केलेल्या पदार्थात तो मिळत नाही. पाकिटावर जिवंत जिवाणूंचा उल्लेख आहे का ते पाहावे.

चीज, लोणी, तूप?

जुनवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ नसते. दूध फाटल्यावर बरेचसे लॅक्टोज निवळीबरोबर, म्हणजे सुटलेल्या पाण्याबरोबर (व्हे), निघून जाते आणि उरलेले जिवाणू संपवतात. ताज्या, मऊ चीजमध्ये थोडे राहते. लोण्यात अगदी कमी, तुपात नावापुरतेच. निवळीची पूड मात्र उलट: तिच्यात दुधातले बहुतेक लॅक्टोज एकवटलेले असते. व्यायामानंतर प्रथिनांची पूड घेऊन पोट बिघडत असेल तर डब्यावर पाहा, ती निवळीपासून केलेली आहे का आणि किती शुद्ध केलेली आहे.

दूध उकळले किंवा पाणी घातले तर लॅक्टोज कमी होते का?

नाही. उकळण्याने ते उडून जात नाही. आटवले तर उलट दाट होते. पाणी घातल्याने पेल्यातले लॅक्टोज कमी होते ते पेल्यातले दूधच कमी झाले म्हणून.

लॅक्टोजमुक्त दूध गोड का लागते? त्यात साखर घालतात का?

घालत नाहीत. त्यात लॅक्टेज घातलेले असते, म्हणजे जे काम आतड्यात व्हायचे ते आधीच झालेले असते. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज सुटे झाले की दोघेही अख्ख्या लॅक्टोजपेक्षा गोड लागतात.

हे घरी पाहता येते. लॅक्टेजचे थेंब मिळाले तर एकाच पिशवीतले दूध दोन पेल्यांत घ्या. एकात बाटलीवर सांगितल्याप्रमाणे थेंब टाका, दोन्ही झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी आधी बिनथेंबांच्या पेल्यातला घोट घ्या, मग दुसऱ्यातला. दुसरे दूध कोणीतरी चमचाभर साखर ढवळून ठेवल्यासारखे लागते. रंग तोच, दाटपणा तोच, प्रथिने आणि कॅल्शियमही तेवढेच. फक्त एक सांधा तुटलेला असतो.

मधुमेह असलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: एकूण साखर आणि उष्मांक साध्या दुधाइतकेच असतात. "लॅक्टोजमुक्त" याचा अर्थ "साखरमुक्त" असा नाही.

लॅक्टेजच्या गोळ्या घेतल्या तर?

चालतात, पण वेळ साधावी लागते. गोळी दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर किंवा घासाबरोबर घ्यायची. पोट फुगल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही, कारण तोवर लॅक्टोज पुढे निघून गेलेले असते.

लॅक्टोज न पचणे आणि दुधाची ॲलर्जी यांत काय फरक?

हा फरक जीवाशी संबंधित आहे. लॅक्टोजचा प्रश्न साखरेचा आणि पचनाचा आहे. त्रास पोटापुरता राहतो आणि प्रमाणावर अवलंबून असतो. ॲलर्जी ही दुधातल्या प्रथिनांविरुद्ध, म्हणजे केसीन किंवा निवळीतल्या प्रथिनांविरुद्ध, शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने उठवलेली प्रतिक्रिया आहे. अंगावर पित्त उठते, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, श्वास घुसमटतो. अगदी थोड्या दुधानेही हे होऊ शकते आणि जीवावर बेतू शकते. अशी लक्षणे दिसली तर घरगुती प्रयोग करायचे नाहीत, तातडीने वैद्यकीय मदत घ्यायची.

ॲलर्जी असलेल्याला लॅक्टोजमुक्त दूध देऊ नये. त्यात प्रथिने जशीच्या तशी असतात. "लॅक्टोजमुक्त आहे, मग चालेल" हा समज मी पुन्हा पुन्हा ऐकते आणि दर वेळी तेवढ्याच कळकळीने खोडून काढते.

बाळ सारखे रडते. आईने दूध सोडावे का?

लॅक्टोजच्या भीतीने सोडू नये. आईच्या दुधातले लॅक्टोज आईच्या शरीरातच बनते. ती दूध पिवो न पिवो, त्याचे प्रमाण बदलत नाही. मन घट्ट करून महिनोन्महिने दूध-दही टाळणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यातून बाळाला लॅक्टोज एक कणभरही कमी मिळत नव्हते, आईच्या ताटातले अन्न मात्र कमी झाले होते. बाळाला दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा आईचे पथ्य उपयोगी पडते.

जन्मतःच लॅक्टेज नसणे ही फार दुर्मीळ अवस्था आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते थोडे कमी असू शकते, कारण गर्भात ते शेवटच्या महिन्यांत वाढते. बाळ मोठे होते तसे सावरते. मोठ्या जुलाबानंतरही काही दिवस लॅक्टोज पचत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला इजा झालेली असते. अस्तर भरून आले की लॅक्टेज परत येते. तेवढ्यासाठी स्तनपान थांबवायचे नसते.

एक अपवाद गंभीर आहे: गॅलॅक्टोसेमिया. यात लॅक्टोज तुटते, पण त्यातून आलेले गॅलॅक्टोज शरीराला वापरता येत नाही आणि ते साठून यकृत, डोळे, मेंदू यांना धोका होतो. अशा बाळाला आईचे दूधही चालत नाही. अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हे तपासतात.

तपासणी कशी करतात?

बहुतेक ठिकाणी श्वासाची. उपाशीपोटी एका नळीत किंवा पिशवीत फुंकर मारायची, मग २५ ते ५० ग्रॅम लॅक्टोज घातलेले पाणी प्यायचे आणि पुढचे दोन-तीन तास ठरावीक वेळाने फुंकत राहायचे. लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचले की जिवाणू हायड्रोजन सोडतात. तो रक्तात मुरतो आणि फुप्फुसांतून बाहेर पडतो. सुरुवातीच्या पातळीपेक्षा तो दर दशलक्ष भागांत २० भागांनी वाढला, तर लॅक्टोज पचत नाही असे धरतात. आपल्या पेशी हायड्रोजन वायू बनवत नाहीत, म्हणूनच ही खूण भरवशाची ठरते.

या चाचणीत दिलेले लॅक्टोज दोन ते चार पेले दुधाइतके असते, तेही रिकाम्या पोटी. त्यामुळे अहवाल "पचत नाही" असा आला तरी रोजच्या चहातले दूध बंद करायची गरज नसते.

औषधांच्या गोळ्यांतही लॅक्टोज असते म्हणे?

असते, पुष्कळ गोळ्यांत. औषध मिलिग्रॅमभर असते, गोळीला आकार यायला भर लागते, आणि लॅक्टोज स्वस्त, स्थिर आणि दाबल्यावर छान जमणारे असते. बहुतेक गोळ्यांत ते ग्रॅमच्या काही दशांशांहून जास्त नसते, म्हणून सहसा त्रास होत नाही. त्यापायी चालू औषध आपल्या मनाने थांबवू नका. भुकटीच्या इन्हेलरमध्येही लॅक्टोज वापरतात आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचे अंश राहू शकतात. दुधाची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगावे.

पाकिटावर काय वाचायचे?

दुधाची पूड, निवळीची पूड, दुधाचे घन पदार्थ हे शब्द दिसले की लॅक्टोज आहे. लॅक्टिक आम्ल, कॅल्शियम लॅक्टेट यांत लॅक्टोज नसते, नाव सारखे आहे इतकेच. लॅक्ट्युलोज ही लॅक्टोजपासून बनवलेली, पण आपल्याला अजिबात न पचणारी साखर. बद्धकोष्ठावरचे औषध म्हणून ती देतात, आणि न पचणे हाच तिचा गुण.

आइसक्रीम कधीकधी दाताखाली कचकचते. तो बर्फ असतो का?

जिभेवर धरून पाहा. बर्फ लगेच वितळतो. वाळूसारखे कण जिभेवर तसेच राहिले, तर ते लॅक्टोजचे स्फटिक. लॅक्टोज पाण्यात फार विरघळत नाही. आइसक्रीम थोडे वितळून पुन्हा गोठले की हळूहळू मोठे स्फटिक धरते. साखर घालून आटवलेल्या दुधात हेच होऊ नये म्हणून कारखान्यात लॅक्टोजची अगदी बारीक पूड मिसळतात. मग असंख्य सूक्ष्म स्फटिक बनतात आणि जिभेला एकही जाणवत नाही.

ही साखर शोधली कोणी?

ही साखर आहे हे १७८० मध्ये कार्ल शीले या रसायनतज्ज्ञाने ओळखले. पुढे लॅक्टोजने जीवशास्त्राला मोठा धडा शिकवला. समोर लॅक्टोज आले की ई. कोलाय जिवाणू ते तोडणारे विकर बनवतो आणि लॅक्टोज नसले की थांबतो. हे कसे घडते याचा माग काढताना जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांना जनुकांची कळ कशी चालते ते उमगले. १९६५ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि ल्वॉफ यांना मिळाले.

दूध सोडलेच, तर कॅल्शियमचे काय?

प्रौढाला दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि पेलाभर दुधात जवळपास ३०० मिलिग्रॅम असते. ही भर तीळ, काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे, कॅल्शियम घातलेली वनस्पतिजन्य पेये, काही पालेभाज्या यांतून काढता येते. पालकावर भिस्त ठेवू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी फारसे लागत नाही. आणि दही किंवा जुने चीज चालत असेल तर ते सोडायचे कारणच नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

वजन विनाकारण घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, जुलाबाने रात्री झोपमोड होत असेल, ताप येत असेल किंवा रक्त कमी झाले असेल, तर तो दोष नुसत्या लॅक्टोजवर ढकलू नका. सीलिएक किंवा क्रोन्ससारख्या आजारांत आतड्याचे अस्तर झिजते आणि लॅक्टेज त्या झिजेपायी कमी होते. तिथे दूध बंद करून थोडे बरे वाटते, आणि मूळ आजार तपासायचा राहून जातो.